गेटवरचा खण आकसला!

गेटवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाय. ते आपल्या पायानं येतात, पंच करतात अन् आत जातात! मी सातवी नापास, वाळूजच्या एका कंपनीचा वॉचमन. आमच्याकडं कामगारानं फोन आत न्यायचा नाय, असा नियम. फोन माझ्याकडं जमा करायचा. केबिनच्या भिंतीला लाकडी मांडणी हाय, कबुतरांच्या खुराड्यासारखी. एकेकाला एकेक खण. फोन सरकवला की बरोब्बर बसतो. म्हणून कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला कळो न कळो, कुणाच्या फोनची बॅटरी मरायला टेकलीय ते मात्र आधी मला कळतं.

कळून उपयोग काय? शून्य! माणूस दाताचं दुखणं दाताच्या डॉक्टरला सांगतो, गाडीचं मेकॅनिकला सांगतो. बॅटरीचं दुखणं मात्र सगळ्या गावाला सांगत सुटतो, बॅटरी बदलणाऱ्याला सोडून! डोकं फिरतं माझं!

*

पहिला नंबर भास्कर खरातचा. प्रेस शॉपला ऑपरेटर, राहायला बजाजनगरात. एक दिवस सकाळी त्याचा फोन खणात जाईना. आडवा घातला, उलटा घातला, जाईना.

"मामा, खण आकसलाय तुमचा!"

मी फोन हातात घेतला. पाठीला पोट आलेलं, काच एका कडेनं उचललेली, अन् वरून रबर बँड!

"भास्कर, बॅटरी फुगलीय. बदल."

"छ्या! ओल धरलीय लाकडानं. आणा इकडं!" असं म्हणून गडी तळहातानं फोन दाबायला लागला! मी ओरडलोच. अरे, पेट घेतला म्हंजे? केबिनमधी मी बसतो, तुझा बाप नाय! फोन काढून घेतला अन् बाहेर आगीसाठी वाळूची लाल बादली असती, तिच्यात नेऊन ठेवला. त्या दिवसापासून भास्करचा फोन बादलीत.

या पठ्ठ्यानं नवीन कव्हर घेतलं, नवीन काच बसवली, चार्जर बदलला, वायर बदलली. म्हणलं, "आता बायको बदल, म्हंजे बॅटरी सोडून सगळं बदललं असं होईल!" तर म्हणतो, "चालतोय की मामा. एकदा उघडला की फोन पहिल्यासारखा राहत नाय."

अन् हे कधी? तर पोरीची सोयरीक जमत आली असताना! गारखेड्याचे साळवे म्हणून पाहुणे. त्यांच्या पोराला भास्करची प्रज्ञा पसंत, प्रज्ञाला पोरगा पसंत. तारीख तेवढी राहिलेली, अन् ती ठरायची होती फोनवर.

*

सलीम पठाण आमचा फोर्कलिफ्टवाला. एक दिवस सुट्टीच्या वेळी फोन घेतला अन् कपाळाला हात लावला.

"मामू, चालीस परसेंट था! खड़े-खड़े मर गया!"

मी म्हणलं, "चाळीसवर मरतो म्हंजे बॅटरी म्हातारी झाली. तो आकडा खोटा दाखवतो. बदल."

हा निदान ऐकणारा निघाला. शहागंजात गेला अन् एका गाड्यावरनं सगळ्यात स्वस्त होती ती बॅटरी टाकून आला. थोड्या दिवसांनी परत माझ्यापुढं उभा.

"मामू, पहले चालीस पे मरता था, अब साठ पे मरता!"

"बॅटरी कसली टाकलीस?"

"एकदम ओरिजिनल! उसपे लिखेला है ना!"

"अरे बाबा, माझ्या टोपीवर पण 'सिक्युरिटी' लिहिलंय!"

*

साहेब लोकांना फोन आत न्यायला परवानगी. नियम फक्त गरिबाला! आमच्या मॅनेजर साहेबांचा फोन इतका तापायचा, की बोलताना भाजलेल्या कणसासारखा या हातातनं त्या हातात टाकायचे.

मी म्हणलं, "साहेब, बॅटरी गेलीय."

"नाही हो मामा, आपल्याकडचं ऊनच तसं आहे."

ऊन? एसीत बसून ऊन?

एक दिवस कॅन्टीनच्या शोभाताई पळत गेटवर आल्या. तळहातावर फडक्यात धरलेला फोन, त्यातनं बाईचा आवाज. साहेबांनी तो गार व्हायला कॅन्टीनच्या फ्रिजमधी ठेवला होता, दह्याच्या पातेल्याशेजारी! तिथं तो थरथरला, ताईंना वाटलं उंदीरच शिरला. गडबडीत बोट लागलं अन् फोन सुरू झाला.

ताई हळूच म्हणाल्या, "मामा, सायबाची बायको हाय. साहेब कुठं हाय विचारतीय. काय सांगू?"

म्हणलं, "सांगा, विरजायला ठेवलेत. सकाळपर्यंत लागतील!"

*

सुपरवायझर जाधव तसा शिकलेला माणूस. एकदा मला म्हणाला, "मामा, बॅटरी लवकर उतरते. काही उपाय?"

खरा उपाय सांगून कुणी ऐकत नाय, म्हणून खोटा सांगितला. "आठवड्यातनं एक दिवस उपास घालायचा फोनला. दिवसभर बंद. सगळा थकवा जातो."

अन् हे ऐकलं हो त्यानं! मंगळवार धरला. पहिल्याच मंगळवारी डबा घरी विसरला. बायकोनं फोन लावला, बंद. परत लावला, बंद. शेवटी भर दुपारी स्कुटीवर डबा घेऊन गेटवर हजर! मी जाधवला बोलावलं.

"फोन का बंद?"

"अगं, आज उपास आहे."

"कुणाचा?"

"फोनचा."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग आज तुमचा पण!" अन् डबा घेऊन माघारी गेल्या.

*

इकडं भास्करचं रोजचं नाटक. सुट्टी झाली की बादलीतनं फोन काढायचा, वाळू झटकायची, चालू करायचा. तेवढ्यात साळव्यांचा फोन यायचा. साळवे म्हणायचे, "जय भीम, खरात साहेब." भास्कर 'जय' म्हणायचा, अन् 'भीम' म्हणायच्या आत सगळं काळं! दर वेळी!

मी ओरडून सांगितलं, "अरे, माणूस जय भीम घालतो अन् तू उत्तर देत नायस, असं वाटत असंल त्याला! पोरीचं लग्न मोडशील एका बॅटरीपायी!"

"नेटवर्क हाय मामा ते. अन् काल तर माझा चालू होता, तरी कट झाला! आईशप्पथ!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पठाण म्हणाला, "हौ, हौ, तुम्हारा कभी मरताच नहीं!"

भास्कर फोनवरची वाळू झटकत निघून गेला. दुसऱ्या दिवशी डबा न खाता तसाच घरी नेला त्यानं, अन् माझ्या केबिनकडं न बघता गेला.

*

अन् मग एक दिवस साळवे स्वतःच आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठ्या. गेटवरच सुरू झाले.

"खरातांना बोलवा. सोयरीक करायची नसेल तर तोंडावर सांगा म्हणावं! आम्ही जय भीम घालतो, अन् हे उत्तर न देता फोन कापतात! आज हो किंवा नाही, ऐकूनच जाणार."

मी आत निरोप धाडला. म्हणलं, "साहेब, चिडू नका. पण आत यायचं तर फोन इथं जमा करावा लागतो. नियम हाय."

भास्कर हात पुसत पळत आला. तोंड उतरलेलं. "जय भीम, साहेब."

साळव्यांनी उत्तर दिलं नाय. खिशातनं फोन काढून माझ्या हातात दिला. जाड चामड्याचं पाकीट होतं. मी खणात सरकवला, जाईना. म्हणलं, पाकिटामुळं असंल. पाकीट काढलं.

आत फोनला आडवी सेलोटेप. दोन पदरी.

मी परत सरकवला. सरळ घातला, जाईना. उलटा घातला, जाईना. जोर लावला नाय, मला नातवंडांची लग्नं बघायचीत. भास्कर फोनकडं बघतोय. पठाण फोर्कलिफ्ट थांबवून बघतोय. इतके दिवस पोटात साठलेला सगळा राग एका वाक्यात काढायचा, म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात साळवे म्हणाले, "खण आकसलाय तुमचा, वॉचमन."

भास्करचं तोंड असं उजळलं! "बघा मामा! बघा! पाहुणे पण तेच म्हणत्यात! मी मेलो सांगून सांगून!"

"सुतार कोण होता हो तुमचा?" साळव्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक! लई बेक्कार काम केलंय, साहेब."

"ते दिसतंयच. बरं, जय भीम, खरात साहेब."

"जय भीम, जय भीम!"

दोघं सुताराला शिव्या घालत समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी साळव्यांचा फोन बादलीत ठेवला, भास्करच्या शेजारी.

परत आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकूनच. दोघांनी आपापला फोन उचलला, वाळू झटकली. साळवे गाडीला किक मारता मारता म्हणाले,

"तारीख पक्की. बाकीचं सविस्तर फोनवर बोलू!"