रुमालाची जागा

परभणी जिल्ह्यात कुजबुजता न येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमच्या गल्लीतले मामा. एसटीत जन्मभर कंडक्टरकी करून रिटायर झालेले. 'पुढं सरका' ओरडून घसा असा तयार झालेला, की मामा कुणाच्या कानात काही सांगू लागले तर समोरच्या पिंपळावरचे कावळे उडायचे. आणि जिथं कोण आलं, काय बोललं हे बाहेर काढायचं नाही हा पहिला नियम, त्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला मला नेमक्या याच माणसानं नेलं. नेलं म्हणून आज हे लिहायला मी शुद्धीवर आहे, हेही इथंच सांगून टाकतो.

त्या वर्षी बायको दोन्ही लेकरं घेऊन सोनपेठला माहेरी गेली होती. भांडली नाही. "तुमची सुटली की न्यायला या," एवढंच म्हणाली. मी मानवतला शाळेत मास्तर. परभणीत एका शाळेच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी बैठक भरते, असं कुठूनसं कळलं. तीन रविवार गेलो. पाटी नाही, आणि विचारायची लाज. दोन रविवार नुसत्या चकरा मारल्या. तिसऱ्या रविवारी वॉचमननं "काय पायजे?" म्हणून हटकलं, तर तोंडातून निघालं, "स्कॉलरशिपचा क्लास." त्या भल्या माणसानं मला समोरच्या वर्गात नेऊन पाचवीच्या पालकांत बसवलं. तासभर बसलो, फॉर्मसुद्धा भरून दिला, आणि तिथून जो निघालो तो सरळ गुत्त्यावर.

चौथ्या रविवारी मानवतच्या स्टँडवर उभा होतो, जावं की घरी फिरावं या घोळात. परभणीची गाडी लागली आणि खिडक्यांतून रुमाल-टोप्या आत पडू लागल्या. आमच्याकडं रुमाल पडला म्हणजे जागा धरली. मग तिथं आमदार आला तरी उभाच राहतो. मामांनी एका जागेवर टोपी टाकली, शेजारी लाल चौकड्याचा रुमाल टाकला आणि माझ्याकडं वळले.

"मास्तर, तुमची जागा धरलीय. तुमी न्हाई आलाव तर रुमाल एकटाच जाईल परभणीला."

"पण मला कुठं जायचंय?"

"जिथं तीन रविवार चकरा मारायलाव तिथंच. आमी आतून बघायलोत की."

मामा अकरा वर्षांपासून त्या खोलीत बसत होते. भिंतीला भिंत लागून आमचं घर, पण मला पत्ता नव्हता. त्या आवाजानं एवढी गोष्ट पोटात ठेवली कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

गाडीत कंडक्टरनं विचारलं, "मामा, आज कुठं?" माझी अब्रू झाकायला मामांनी सगळ्या गाडीला सांगितलं, "मास्तरांना घेऊन भाच्याला पोरगी बघायला." झालं. भाचा होता, पण त्याला दोन लेकरंही होती. त्यानंतर दर रविवारी आम्ही पोरगी बघायला निघालो. प्रवासी बायोडाटे आणू लागले. देवगाव फाट्याच्या एका मुलीचा फोटो महिनाभर मामांच्या खिशात होता, परत कसा करावा कळेना. वाटेतल्या कोल्हा गावाला लेकीकडं जाणाऱ्या एका आजीनं तर तोंडावरच विचारलं, "इतके रविवार पोरी बघायलाव, भाच्यात काई खोट हाय का?"

"भाचा सोनं हाय, मावशी," मामा म्हणाले. "आमालाच लय येळ लागायलाय."

बैठकीतही मामांमधला कंडक्टर रिटायर झालेला नसे. कुणी लांबण लावली की पेनानं बाकावर दोनदा टकटक, म्हणजे डबल बेल, चला पुढं. अकरा वर्षांचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. "इथं पास मिळत न्हाई. आजचं तिकीट आज काढायचं," म्हणायचे.

पोळ्याला मी घसरलो. रविवारी आतून कडी लावून पडून राहिलो, म्हटलं, आता कोणतं तोंड दाखवायचं? तेवढ्यात साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक आली, "मास्तर, चला, पोरगी बघायला उशीर व्हायलाय!" शेजारीपाजारी दारात आले. लाजेकाजेस्तव शर्ट चढवून निघालो. गाडीत मामांनी नेहमीसारखा रुमाल उचलला, जागा झटकली आणि म्हणाले, "बसा." मी खिडकीकडं तोंड करून परभणीपर्यंत रडत गेलो. त्या दिवसानंतर घेतलेली नाही.

उन्हाळ्यात सोनपेठला गेलो तेव्हा बायकोनं लेकरांच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. तिला आधीच कुणी कळवलं होतं, हे मी विचारलं नाही. फोनवरचा तो आवाज तिच्या माहेरच्या शेजाऱ्यांनीही ऐकला असणार.

आता मामांचे गुडघे गेले. लेकीकडं लांब राहतात. जाताना रुमाल माझ्याकडं ठेवला, तो परत मागत नाहीत. रविवारी गाडीच्या वेळेला फोन येतो, "जागा मिळाली का?" आणि पुढच्या सीटवरचा माणूस "मिळाली" म्हणून उत्तर देतो.

मागच्या रविवारी गाडीत त्या कोल्हा गावाच्या आजी भेटल्या. "मास्तर, मामा दिसनात. जमलं का भाच्याचं?"

"जमलं, आजी. आजच्यापुरतं जमलंय."

आजींना काही ते पटलं नाही. माझ्या शेजारच्या रुमालाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "मंग ही जागा कुणाची?"

बाहेर स्टँडवरच्या रसवंतीच्या आडोशाला एक माणूस उभा होता. दोन रविवार मी त्याला परभणीत त्या शाळेपुढं घुटमळताना पाहिलं होतं. गाडी सुटायला आली तरी त्याचा पाय उचलत नव्हता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "या, तुमची जागा धरलीय." आवाज मामांसारखा लागला नाही, पण त्याला ऐकू गेलं.