बाळाऐवजी वरवंटा

सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत आमची एक खोली. माणसं नऊ, पांघरुणं पाच. एकाला पडसं झालं की आठवड्यात ते घरभर फिरायचं. मोठ्यांचं शिंकण्यावर भागायचं. दादाची पहिली मुलगी मात्र त्यातच गेली. बारशाला चाळीतल्या पंधरा-वीस बायकांनी तिला हातात घेतलं होतं, निम्म्या खोकत होत्या. चार दिवसांनी तिला धाप लागली. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पुढे मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातली पहिलीच. सर्दी शिंकेतून, हातातून पसरते आणि तान्ह्या बाळाच्या छातीत उतरते, हे तिथं शिकले. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षीच्या हिवाळ्यात वहिनीला मुलगा झाला. बारशाला चाळभर खोकला होता. रीत अशी, की आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून बायकांच्या हातोहात फिरवायचा, मग तसंच बाळ. वरवंटा फिरला. शेजारच्या खोलीतल्या थोरल्या काकूंनी पदराला नाक पुसलं आणि बाळासाठी हात पुढं केले.

"काकू, बाळ फिरणार नाही. वहिनी त्याला थेट पाळण्यात ठेवेल."

"का गं? माझ्या हाताला काटं हायत व्हय?"

"तुम्हाला सर्दी आहे की."

"चार बुकं शिकली न् लई शानी झाली! तुझ्या दादाला ह्याच हातानं वाढवलंय."

"तो दणकट निघाला, काकू. पहिली पोर नाही निघाली."

आई मला डोळ्यांनी दटावत होती. पण नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि आत्या मी होते.

"बाळ फिरवायचं असेल तर मी नाव ठेवत नाही. बसा तशाच."

वहिनी काकूंसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं म्हणतात तसंच करू." आणि बाळ तिनं स्वतः पाळण्यात ठेवलं.

काकूंनी वरवंटा उचलला. "घ्या बायांनो, ह्यालाच अजून एकदा फिरवा. ह्याला पडसं व्हत न्हाय!"

बायका हसल्या. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाठीवर बुक्के बसले, त्यातला काकूंचा सगळ्यात जोरात.

त्यानंतर पाळणा खिडकीशी हलवला. खोकणारा दाराशी झोपू लागला. हात धुतल्याशिवाय बाळाला कुणी उचललं की मी भांडायचे, बाबांशीसुद्धा. काकूंनी सर्दी जाईपर्यंत बाळ उंबऱ्यातूनच पाहिलं, शिव्या देत.

तो हिवाळा बाळानं धाप न लागता काढला. ते वर्षाचं झालं.