राऊटरला पत्ता देतो कोण?

टेलिफोन ऑफिसात ब्रॉडबँडच्या तक्रारींचं एक रजिस्टर असतं. त्यात ‘इंटरनेट बंद’ आणि ‘चालू करून दिलं’, एवढंच लिहायचं. मधला सगळा मजकूर माझ्या आणि आमचा लाइनमन गजूभाऊ याच्या डोक्यात साचतो. मानोरा भागात आम्ही दोघांनी एवढे राऊटर बसवले, की आता खात्रीनं सांगतो, बिघडलेले थोडे अन् बिघडवलेले जास्त!

आमच्या कापडवाल्या शेठजींनी दुकानात कॅमेरे बसवले. त्यांची पुण्याची मुलगी मोबाइलवर दुकान बघायची. पण लाइट जाऊन आली की दुकान गायब! कारण साधं. साध्या कनेक्शनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, कायमचा नसतो. राऊटर बंद होऊन चालू झाला की त्याला बहुतेक नवा पत्ता मिळतो, अन् मुलगी बिचारी जुन्याच पत्त्यावर दुकान शोधत बसते.

हे समजावलं तर शेठजी उसळले. “माह्या आज्यापासून दुकान याच चौकात हाय! पत्ता बदलणारे तुमी कोन?”

गजूभाऊ म्हणाला, “स्टॅटिक आयपीचा अर्ज करा शेठजी. मंग कोनी हलवत नाही.”

दुसऱ्याच दिवशी अर्ज आला. सोबत सातबारा जोडलेला!

मी म्हटलं, “हा कायले?”

“वा! जागा आपलीच हाय, हे दिसलं पायजे ना!”

इंझोरीच्या एका रिटायर गुरुजींचा दर सोमवारी फोन. राऊटरचे दिवे चालू, नेट बंद. आम्ही जायचो, तर आतलं युजरनेम-पासवर्ड साफ पुसलेलं. ते नसलं की राऊटरला आयपी मिळत नाही. पुन्हा भरायचं, चहा प्यायचा, परत यायचं. चार सोमवार झाल्यावर विचारलं, “गुरुजी, तुमी याले काही करता का?”

“काहीच नाही. रविवारी फक्त साफसफाई. मागं एक बारीक भोक हाय ना, त्यात सुई घालून कचरा काढतो. चांगला दहा सेकंद!”

ते रिसेटचं बटण होतं.

मानोऱ्यातच एका सेवा केंद्रात दोन बाया शेजारी-शेजारी बसायच्या. एकीनं कॉम्प्युटर लावला की दुसरीचं नेट जायचं. “मुद्दाम करून राह्यली थे!” दोघींचं हेच म्हणणं. दोन महिने बोलणं बंद.

बघितलं तर कोणीतरी दोन्ही कॉम्प्युटरला हातानं एकच आयपी टाकून ठेवलेला. मी दोन्ही ऑटोमॅटिकवर टाकले, दोन पत्ते वेगळे झाले, दोन्ही मशीन धडाधड चालू. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मग त्यातली एक माझ्यावरच खेकसली, “हे आंधी काहून नाही सांगतलं? म्या हिच्या पोरीच्या लग्नाले नाही गेली ना!”

खुद्द आमचं ऑफिसही सुटलं नाही. रेंज वाढावी म्हणून साहेबांनी घरचा नवा राऊटर आणून जुन्याला जोडला, अन् सकाळभर ऑफिसचंच इंटरनेट बंद! गजूभाऊनं बघून निदान केलं, “साहेब, दोघंबी कॉम्प्युटरले पत्ते वाटून राह्यले. एका ऑफिसात दोन साहेब झाले.”

साहेब घाईत होते. “मग जुना काढून टाका!”

गजूभाऊ हळूच म्हणाला, “राऊटरच ना, साहेब?”

अन् हे मेडशीचं. तो भाग काही महिने माझ्याकडं होता. वानखडे काका, जन्मभर पोस्टमन. त्यांच्या मुलीची, प्रणालीची, अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत, पहिल्याच नोकरीची, अन् दहा वाजता नेट बंद. घरात मोबाइलची रेंज नाही. मी पोचलो तेव्हा पोरगी नवा ड्रेस घालून रडायच्या बेतात, अन् काका सांगत होते की पाहुण्यांच्या पोरानं राऊटरमध्ये ‘सेटिंग’ केली.

राऊटरचं पत्ते वाटायचं कामच त्या पोरानं बंद करून ठेवलं होतं. मी म्हटलं, “काका, राऊटर पत्ता देत नाही, म्हणून लॅपटॉपनं स्वतःच स्वतःले एक पत्ता घेतला.”

काका ताडकन म्हणाले, “अन् पोस्टात कळवलंच नाही? मंग टपाल येईन कसं!”

माझ्या सगळ्या नोकरीत हे एका दमात समजलेला हा एकच माणूस.

अकराला पाच कमी असताना नेट आलं. काकांनी विचारलं, “भौ, आता हा पत्ता कायमचा ना?”

“नाही काका. बंद-चालू केलं की बदलू शकते. मुलाखत होईपर्यंत हात लावू नोका.”

पोरीला ती नोकरी लागली, म्हणून हे हसत सांगतो. त्या दिवशी मात्र काका दाराआड कान लावून उभे होते. स्क्रीनवरच्या मॅडमनी गोड आवाजात पहिला प्रश्न विचारला, “प्रणाली, तुमचा कायमचा पत्ता सांगा.”

पोरीनं तोंड उघडायच्या आत काका दारातून ओरडले, “कायमचा नाही भेटला मॅडम! सध्या याच्यावरच भागवा!”