माशांच्या घरातलं लाकूड

डहाणू स्टेशनजवळ फिशटँकचं दुकान चालवणाऱ्या मावशी लाकूड नुसतं बघत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. टँकमध्ये ठेवायला मी वरोरच्या किनाऱ्यावरून आणलेलं वाकडंतिकडं लाकूड त्यांनी नखानं खरवडलं, हुंगलं, सरळ चाटलं आणि त्या बाजूला थुंकल्या.

"खारट आहे. महिनाभर भिजव, पाणी बदलत राहा."

तलासरीच्या डोंगरातून आणलेली फांदी त्याहून देखणी होती. साल बघताच त्यांनी ती दूर सारली.

"कुंभा आहे हा! आमच्या पाड्यावर याची साल कुटून ओढ्यात टाकतात. मासे गुंगून वर येतात. आणि तू हा माशांच्या घरात ठेवणार?"

दुकानामागच्या कुंडीत एक बेडूक आपणहून येऊन राहिलाय. त्याला बसायला म्हणून त्यांनी बादलीत एक मूळ भिजत घातलं होतं. पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि उघड्या डोळ्यांवर मारलं.

"अहो मावशी!"

डोळे चुरचुरतायत का, हे बघत त्या तशाच उभ्या राहिल्या. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"बेडूक कातडीनं पाणी पितो रे," त्या म्हणाल्या. "त्याला चाटून थुंकता येत नाही."