बोरी अरबचे मामा आणि माझा आकडेमोडीचा गट

दिग्रसमध्ये बसून मी जगभरातल्या गणितवाल्यांचा गट चालवत होते आणि त्यात माझ्याशिवाय दिग्रसचं एकही माणूस नव्हतं, ही गोष्ट आमच्या घरात फार संशयास्पद मानली जायची.

वर्षंच तशी होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. बियाण्याच्या पाकिटात बियाणंच आहे याची खात्री नव्हती, आणि सागवानापासून सशांपर्यंत कसल्या कसल्या स्कीमा घेऊन लोक दारात यायचे. त्यामुळे पाहुण्यालासुद्धा आधी 'काय काम काढलं?' विचारायचं आणि मग पाणी द्यायचं, अशी गावाची रीत झाली होती. त्यात माझे बाबा एसटीचे कंडक्टर! प्रत्येक माणूस तिकीट चुकवायलाच जन्माला आलाय, असं धरून त्यांनी दिग्रस-यवतमाळ गाडीवर हयात काढली. घरी आल्यागेल्याकडेही ते त्याच नजरेनं बघायचे.

मी कॉलेजात गणित शिकवायचे. संगणकावर मोठमोठी आकडेमोड करणाऱ्यांना एकमेकांच्या अडचणी सोडवता याव्यात म्हणून मी ईमेलवर एक चर्चागट सुरू केला. घरी सांगितलं, तर चौकशी समितीच बसली.

"फी किती?" बाबा.

"फुकट आहे."

"फुकट? मंग कोण कोणाले फसवून राह्यलं?"

"कोणीच नाही हो. काही गणितांचं अचूक उत्तर निघतच नाही. मग आम्ही जवळपासचं उत्तर काढतो, आणि ते किती चुकलं तेही सांगतो."

बाबांनी आईकडे पाहिलं. "ऐकलं का? चुकीचे उत्तरं काढाचा गट हाय म्हंते. अन् त्याच्यासाठी परदेशातून लोकं येऊन राह्यले!"

"बायका किती हाय त्याच्यात?" आईनं मुद्द्याला हात घातला.

"मी आहे ना!"

यावर आईनं जो सुस्कारा सोडला, त्यानं ताटातला पापड उडाला.

अशात आनंदचं स्थळ आलं. मुलगा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर, घर बोरी अरबचं. आई-वडिलांसोबत बघायला आला, आणि 'स्वयंपाक येतो का' विचारायच्या ऐवजी म्हणाला, "त्या गटात तुम्ही काय करता?" मी सांगू लागले, तर तो चक्क ऐकत होता! मला तो तिथंच आवडला. अगदी लाज सोडून आवडला. (तसं दाखवायचं नसतं, म्हणून मी पोह्यांकडे बघत राहिले.)

निघताना त्याची आई म्हणाली, "आम्हाले पसंत हाय बाप्पा. पण आमचे वामनदादा येतीन रविवारी. त्याइनं हो म्हंतलं का झालं."

वामनदादा म्हणजे आनंदचे मामा, कापूस खरेदीवर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर. बैलबंडीत वरचा कापूस सगळेच पांढराशुभ्र लावतात. हे गृहस्थ खांद्यापर्यंत हात आत खुपसून तळाचा कापूस काढायचे आणि मगच बोलायचे. स्थळ बघायचीही त्यांची हीच पद्धत आहे, असं आईच्या कानावर आलं. झालं! रविवारपर्यंत मी मोठ्यानं हसायचं नाही, रस्त्यानं इकडेतिकडे बघायचं नाही आणि गटाचं तर नावच काढायचं नाही, असे हुकूम सुटले. चौकशी पानठेल्यावर होणार, शेजारी होणार, कॉलेजच्या शिपायाकडे होणार. बाबा तिन्ही ठिकाणी आधीच चहा पाजून आले.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या गटात एक भामटा शिरला.

गटात येणाऱ्यानं आपण कोण आणि कुठल्या गणितात अडकलोय ते लिहायचं, मग मी मंजुरी द्यायची, असा नियम होता. (कंडक्टरची पोरगी! तिकीट बघितल्याशिवाय आत घेते होय?) यानं नाव दिलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, 'मी कापसातल्या ओलाव्याचा अभ्यास करतो.' मला विषय भारी आवडला. लगेच घेतलं. पण आत आल्यावर हा ओलाव्याबद्दल चकार शब्द काढेना!

मग फिनलंडच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांचं मला पत्र आलं. 'तुमचा नवा सदस्य विचारतो आहे की तुमचा स्वभाव कसा आहे, मोठ्यांचा मान ठेवता का, घरकामात लक्ष आहे का. मी कळवलं, स्वभाव कडक आहे, चुकीला माफी नाही. घरकामाविषयी मला माहिती नाही, पण तुमची समीकरणं फार नीटनेटकी असतात.' पाठोपाठ ब्राझीलहून पत्र, 'तुमच्या घराण्याबद्दल मी काय सांगू?'

कोणीतरी रिकामटेकडा माझ्या मागे लागला होता! आणि रविवारच्या आत हे वामनमामांच्या कानावर गेलं तर? पोरीच्या मागे माणूस आहे म्हणतील आणि आल्या पावली परत जातील! आनंद हातचा जाईल! (ती चौकशी मामाच करत असतील, हे डोक्यात कसं आलं नाही म्हणाल. अहो, स्थळाची चौकशी करायला फिनलंडला कोण जातं?)

मी तडक जावेदभाईंचं सायबर कॅफे गाठलं. तिथं प्लायवूडचे खोके होते आणि शेजारच्या खोक्यात खांद्यावर दुपट्टा टाकलेले एक आडदांड काका बसले होते. ते आठवडाभर रोज दिसत होते. मी आले की जावेदभाईंच्या कानात कुजबुजायचे आणि फटीतून बघायचे! मला त्यांचाही संशय येऊ लागला होता.

"जावेदभाई, हे काका कोण?"

"कस्टमर है, ताई. धंद्याचा उसूल हाय, मी कोणाचं काई सांगत नसतो," म्हणत जावेदभाई छताचा पंखा न्याहाळू लागले.

मी काकांकडे एक जळजळीत नजर टाकली, खोक्यात बसले आणि सगळ्या गटासमोर लिहिलं, 'हा सदस्य गणिताच्या नावाखाली बायकांच्या घरच्या चौकशा करतो. अशा लफंग्याला इथे जागा नाही. ज्या घरात हा माणूस आहे, त्या घराची मला दया येते.' आणि बटण दाबून त्याला हाकललं.

शेजारून आवाज आला, "अरे बाप्पा!" मला वाटलं, काकांचं नेट गेलं.

रविवारी दारात आनंद, त्याचे आई-वडील आणि खांद्यावर दुपट्टा टाकलेले तेच काका! पाहुण्यांसाठी आणलेले पाण्याचे पेले मी बाबांच्याच हातात दिले.

"जय भीम," बाबा म्हणाले.

"जय भीम." काका माझ्याकडे वळले. "वळखलं का बाई? मी तो लफंगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विनातिकीट प्रवाशाकडेही त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं.

"तुमच्या पोरीनं मले साऱ्या दुनियेसमोर हाकलून देल्लं, भाऊ! आमच्या घराची दया येते म्हंते इले!"

"बेबी, काय केलं वं हे?" आईनं पदर डोळ्यांना लावला. "माफी माग आधी!"

"मामा, मला खरंच माहीत नव्हतं…" स्थळ गेलं, हे स्पष्ट दिसत होतं. आनंद खाली मान घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय बिचारा, असं वाटून मलाही भरून आलं. (तो हसू दाबत होता, हे नंतर कळलं.)

"थांबा वैनी, रडू नका," मामा म्हणाले. "पानठेल्यावर गेलतो, तो म्हंते पोरगी सोनं. शेजारी म्हंते सोनं. शिपाई तं तिले गायच म्हंते! तवाच मले शंका आली. वरून सारी बंडी पांढरी असली, का आत पाणी मारलेलं असते. म्हणून जावेदच्या हातानं इंग्रजीत लिवून त्या परदेशी म्हाताऱ्याले विचारलं. तो म्हंते कडक हाय. अन् इनं मले हाकललं, तवा पटलं का म्हातारा खरं बोलून राह्यला. पसंत हाय आपल्याले! फक्त मले गटात वापस घ्या."

आईचे डोळे पुसून व्हायच्या आत बाबांनी पेढे आणायला पिशवी काढली. आणि मी? गप्प बसावं की नाही! पण आपल्या पहाऱ्याचं कौतुक झालं म्हणून मी फुशारले. "मामा, खरं सांगू? माणूस कसा आहे, ते मला दोन ओळींत कळतं," असं बोलून गेले!

"मंग माझं काय?" आनंद पहिल्यांदाच बोलला.

"तुमचं काय?"

"मीबी अर्ज केलता ना या आठवड्यात. वशिला नको म्हणून नाव नाही लिहिलं, कारखान्याच्या पत्त्यावरून पाठवला. भट्टीतली उष्णता कशी पसरते, ते गणित खरंच अडलंय माझं."

भामट्याला हाकलल्यावर लगेच आलेला तो दुसरा निनावी अर्ज मला लख्ख आठवला. आणि माझं उत्तरही.

"मंग? काय लिहिलं इनं?" बाबांनी पिशवी खाली ठेवली.

आनंदला ते तोंडपाठ होतं. "'तुमच्या टोळीतला एक पकडला गेला आहे. तुम्हीही आता दुसरा धंदा बघा.'"

गणितातला ग माहीत नसलेल्या मामांना मी हौसेनं आत घेतलं होतं आणि खरं गणित घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवलं होतं. त्याच्याशी माझं लग्न झालं, तेही त्यानं पुन्हा अर्ज केला म्हणून!