पेद्रूच्या शिडाची वीतभर शिवण

पेद्रू फर्नांडिससमोर मंगळूरचं नाव काढायचं नाही, हे मालवणच्या बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच सगळे ते काढतात. "पेद्रू, रेल्वेत बसलंस तर रात्रीत मंगळूर! सकाळी थय इडली खा आणि परत ये." असं कोणी म्हटलं की पेद्रू हातातली सुई बाजूला ठेवणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि सांगणार, "तां मंगळूर येगळा. रेल्वेचा." मग हसणारे हसतात आणि तो पुन्हा रिक्षाचं हूड शिवायला लागतो.

बंदराच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान आहे. रिक्षांची हुडं, किनाऱ्यावरच्या छत्र्या, पावसाळ्याआधी ताडपत्र्या, असलं सगळं जाड कापड तो शिवतो. हात असा की पेद्रूची शिवण उसवली असं कोणी ऐकलेलं नाही. पण माणूस मनाने शीड शिवणारा, आणि शिडाच्या होड्या राहिल्यात कुठे? छत्र्या शिवतो बापडा, आणि छत्रीला शिव्या घालतो.

हे मंगळुरी वेड अकराव्या वर्षी लागलं. त्याचा बाप दुमिंग एका गलबतावर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. मंगळूरहून कौलं भरून आणायची, निव्वळ वाऱ्यावर. एका खेपेला त्याने पेद्रूला बरोबर घेतलं. वेंगुर्ल्यापर्यंत पोरगा नाळेवरून, गलबताच्या पुढच्या टोकावरून, हलला नाही. आणि वेंगुर्ल्याला नेमका ताप भरला. बापाने त्याला एका ओळखीच्या बाईच्या ओटीवर निजवलं आणि वारा बरा होता म्हणून गलबत हाकारलं. पेद्रूने ओटीवरून शीड लहान लहान होताना पाहिलं. "फुडल्या वर्षी नेतंय तुका," असं बाप म्हणाला होता. पुढल्या वर्षी मालकाने गलबत मोडीत काढलं. आज पेद्रू सहासष्टचा आहे आणि अजून वेंगुर्ल्याच्या पुढे समुद्राने गेलेला नाही.

तरुणपणी, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, त्याने मंगळूर गाठायला जुनी होडी घेतली आणि चार महिने खपून तिच्यासाठी शीड शिवलं. जाड पांढरं सुती कापड, दुहेरी काठ. सगळं शिवलं, फक्त खालच्या काठाची शेवटची वीत सोडली. ही त्याच्या बापाची रीत. नव्या शिडाची शेवटची वीत जमिनीवर शिवायची नाही. पहिल्या दिवशी भर दर्यात, होडी चालती असताना शिवायची. तोवर सुई तिथेच टोचलेली ठेवायची.

ती सुई तिथेच राहिली. आधी आई अंथरुणाला खिळली. मग मुलीचं, जॅनेटचं लग्न. मग बायकोचा, सेलेस्तीनचा गुडघा. चार वर्षांपूर्वीच्या वादळात होडीवर माड पडला आणि होडीचे दोन तुकडे झाले. पेद्रू तिथे गेला, उभा राहिला, घरी येऊन जेवला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक उघडून शीड जागेवर आहे ना, ते बघितलं. दर दसऱ्यानंतर तो ते वाळूवर पसरतो, ऊन दाखवतो, गंजलेली सुई काढून नवी टोचतो. सेलेस्तीन दरवर्षी तेच बोलते, "शिवन टाक ती वीत, आणि पिशये कर तेचे! तीस वर्सा नुसतो धुरळो झाडतंय मी."

तर यंदाच्या जानेवारीत काय झालं, पर्यटकांना पाण्याखाली डुबकी मारायला शिकवणारी नम्रता आहे ना, तिने आणि तिच्या मंडळींनी वाळूवर सिनेमे दाखवायचं ठरवलं. धाडसी माणसांचे छोटे छोटे खरे सिनेमे: कोणी बर्फाचा कडा चढतो, कोणी वाळवंट चालत पार करते. सगळ्या गावाला फुकट, संध्याकाळी सातला. आणि दुपारी चारला वाऱ्याने त्यांचा पडदा मधोमध फाडला. नम्रता तो काखेत मारून पेद्रूच्या दुकानात आली.

पेद्रूने कापड दोन बोटांत धरलं. "ह्यां कापड? हेका टाको घातलो तर टाक्यासकट फाटतला."

"अंकल, मग तुमचं शीड द्या ना," नम्रता म्हणाली. "आजच्या दिवस. शेवटचा सिनेमा शिडाच्या होडीचा आहे. सत्तरीचा म्हातारा, एकटा, समुद्रात."

पेद्रूने फाटका पडदा खाली ठेवला. "एकटोच?" त्याने विचारलं. "इंजिनाशिवाय?"

"इंजिनाशिवाय."

शीड आलं. दोन माडांमध्ये वासा बांधून पेद्रूने ते स्वतःच्या हाताने चढवलं. नम्रता खालचा काठ तपासत आली आणि थबकली. "अंकल, इथे उसवलंय. मशीनवर दोन मिनिटांत शिवून आणते. आणि मध्ये चार अर्धगोल भोकं पाडूया, बॅनरला पाडतात तशी. वारा निघून जाईल."

झालं! पेद्रू असा भडकला की मासे विकणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. "भोका? शिडाक भोका? आणि ती उसवलेली नाय, सोडलेली आसा! ती वीत शिवलंस तर शीड आताच काढून घेवन जातंय मी घराक!" नम्रता घाबरून "बरं बरं" म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत? पेद्रूच्या लेखी ती वीत जमिनीवर शिवली की मंगळूर संपलं. मग कशाची वाट बघायची?

पण खरं सांगायचं तर चूक पेद्रूचीच. न शिवलेल्या काठाचं शीड वाऱ्यात बांधू नये हे त्याच्याएवढं कोणाला कळतं? तरी बांधलं. त्याला त्यावर होडी बघायची होती.

सातला खेळ सुरू झाला. शीड वरच्या कोपऱ्यात निमुळतं, त्यामुळे चित्राचा एक तुकडा सारखा माडाच्या झावळ्यांवर पडत होता. कडा चढणाऱ्याचं डोकं झावळ्यांत गेलं की पोरं ओरडायची. तीनशेक माणसं वाळूवर बसली होती. सेलेस्तीन गुडघ्यासाठी घरून खुर्ची घेऊन आली होती, पहिल्या रांगेत.

शेवटचा सिनेमा लागला आणि म्हाताऱ्याची होडी शिडावर आली. तेवढ्यात उत्तरेचा वारा उठला. शीड फुगलं. खालच्या कोपऱ्याचा दोर खुंटीला ताठ झाला आणि त्या वीतभर मोकळ्या काठातून कापड टरकायला लागलं. पेद्रूने तो आवाज तीनशे माणसांतून ओळखला.

"बंद करा! शीड उतरवा!" नम्रता धावली.

"बंद कित्या?" पेद्रू ओरडला. "म्हातारो पोचाक व्हयो ना!" तो शिडामागे गेला, खुंटीचा दोर सोडला आणि हाताला एक वेढा घेऊन पाय रोवून उभा राहिला. वारा आला की दोर सोडायचा, वारा पडला की ओढायचा. खुंटीला ते कळत नाही, हाताला कळतं. टरकणं थांबलं. समोरच्या लोकांना चित्र जरासं हलताना दिसलं, एवढंच. समुद्रच तो, हलणारच.

मागून पेद्रूला सगळं उलटं दिसत होतं. पुढच्यांना होडी उजवीकडे जाताना दिसत होती, त्याला डावीकडे. एरवी त्याने चूक काढली असती. पण हातात शीड ओढ घेत होतं, अगदी खरी ओढ, आणि वाराही तोच, मंगळूरकडे नेणारा. पंचावन्न वर्षं त्याने हा वारा दुकानाच्या पत्र्यावर ऐकला होता. तळहात सोलले. त्याला रडू येत होतं आणि तो ते पुसू शकत नव्हता, कारण दोन्ही हात दोरात होते. म्हातारा पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वीस मिनिटांचा सिनेमा. संपला, दिवे लागले, लोक चटया झटकून घरी निघाले. वारा पडला तरी पेद्रू दोर धरून उभाच होता. सेलेस्तीन लंगडत मागे आली. तिने त्याचे हात बघितले, एकेक बोट सोडवलं आणि दोर काढून घेतला.

"खंय पावलंस?" तिने विचारलं.

"वेंगुर्ला गेला," पेद्रू म्हणाला. "पाठी ऱ्हवला."

मग तो वाळूवर बसला, शिडाचा काठ मांडीवर ओढला आणि टोचलेली सुई शोधली. "सेले, दोरो ओव गो. माका दिसना नाय. शिवन टाकतंय आता. झाला माझा. इतक्या मेळला ता खूप झाला."

तीस वर्षं जी बाई ही वीत शिव, शिव म्हणून डोकं खात होती, तिने सुई हातात घेतली. दोरा ओवला नाही. सुई परत त्याच जागी टोचली.

"हय नको," ती म्हणाली. "ही वाळू आसा."

"होडी खंय आसा गो आता?"

"माका काय विचारतंस? बघ खंय गावता ती. मंगळूर इला काय अजून?" सेलेस्तीनने शीड घडी घालायला घेतलं, आणि मान वर न करता म्हणाली, "आणि माका पण घेवन जा. एकट्यान जावक देवचंय नाय मी."