खोडलेला मंगळवार

अंध माणसांच्या समान हक्कांवर मी एक पत्रक लिहिलं होतं. पिवळा कागद, ठळक मथळा, पुढे तीन उद्गारचिन्हं. लोणावळा स्टेशनबाहेर उभं राहून मी ते वाटलं. ज्या ताईमुळे ते सुचलं, तिच्याही हातात एक दिलं. तिनं घडी घालून पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "चूल पेटवायला होईल. मला दुसरा काय उपेग त्याचा?" आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं.

ताई भाजे गावची. जन्मापासून तिला दिसत नाही. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात ती फोनवर बुकिंग घ्यायची आणि उरलेल्या वेळात आमच्या संघटनेचे ईमेल सांभाळायची. तिचा फोन अक्षरं बोलून दाखवतो. त्या आवाजाला ती 'आमची बाई' म्हणते. घर ते मळवली स्टेशन ती एकटी चालत यायची. ओढ्याकडेची पायवाट, एका हाताला दगडी बांध, काठी फक्त नावाला. डांबरी रस्ता तिच्या कामाचा नाही. शनिवार-रविवारी धबधब्याला आलेल्या गाड्या तिथं डोळसालाही कडेला उभं राहू देत नाहीत.

त्या पायवाटेवर एका बंगलेवाल्यानं तारेचं कुंपण ठोकलं. ताईनं वडगावच्या तहसील कचेरीत तक्रार केली. सुनावणी होईस्तोवर एक माणूस जाईल एवढी फट ठेवायची, असं ठरलं. म्हणजे तिची नोकरी, तिचं कुणाचा हात न धरता येणंजाणं, सगळं त्या एका सुनावणीवर टांगलेलं.

नोटीस ईमेलनं आली. कागदाचा फोटो काढून जोडलेला. बाई वाचायला गेली आणि म्हणाली, "चित्र." झालं. आंधळ्या अर्जदाराला चित्र पाठवणाऱ्यांना मी शिव्या घातल्या, आजही घालतो. पण पुढं जे झालं ते त्यांनी केलेलं नाही.

आमच्यात एक नियम होता: महत्त्वाचं ते लेखी. तोंडी शब्दांनी इतक्यांदा फसलो होतो की फोनवरचं बोलणं आम्ही धरतच नसू. नियम माझाच. म्हणून ताईनं फोन न करता ते चित्र मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "वाचून सांग. सुनावणी सोमवारी की मंगळवारी? गावात दोन्ही ऐकू येतंय."

चित्रात स्पष्ट सोमवार होता.

मी पत्रकांवर वाढलेलो. छापखान्यातून कच्चा कागद आला की चुकलेल्या शब्दावर लाल रेघ ओढायची आणि परत द्यायचा. शेजारी भाषण लिहायची गरज नसते, छापणारा समजतो. ईमेललाही मी तसंच उत्तर द्यायचो. ताईचंच वाक्य घेतलं, त्यातल्या 'मंगळवारी'वर लाल रेघ ओढली. खाली लिहिलं, "बाकी मंगळवारी भेटू." मंगळवारी तळेगावला आमची बैठक असते. त्याखाली माझं नाव, नावाखाली घोषणा, घोषणेच्या दोन्ही बाजूंना चांदण्यांची रांग.

दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला. "उत्तर नीट कळलं नाही. वार लिहून पाठव."

मी नवलाख उंबरे गावात होतो, कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटायच्या तयारीत. चिडलो. लिहिलं, "वर दिलंय. एकदा नीट वाच."

सोमवारी मी दिवसभर त्याच गेटवर होतो, कामगारांना त्यांचे हक्क समजावून सांगत. मंगळवारी सकाळी वडगावहून ताईचा फोन आला. आवाज एकदम सपाट.

"हितं कुणीच न्हाई रे. क्लार्क म्हणतो, सुनावणी काल झाली."

"अगं, मी सोमवार कळवलं होतं!"

"कुटं?"

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि बाईला वाचायला लावलं. बाई वाचू लागली. आधी ताईचाच प्रश्न: सोमवारी की मंगळवारी. रेघ तिनं सांगितली नाही, लाल रंगही नाही. मग, "बाकी मंगळवारी भेटू." मग माझं नाव. मग स्टार, स्टार, स्टार, घोषणा, परत स्टार, स्टार. मग खाली चिकटलेले महिन्याभराचे जुने मेल, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीआधी येणाऱ्या > या खुणेचं 'ग्रेटर दॅन, ग्रेटर दॅन'. बाई थांबेचना. मी फोन बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," ताई म्हणाली. "मी रोज ऐकते. तुझा एक मेल म्हंजी भाकऱ्या होत्यात माझ्या तेवढ्यात."

तिचे वडील उंबऱ्यात बसले होते. "सोमवार एवढाच शबुद लिहायला काय झालतं रं तुला?"

"चुकलं, आबा."

"लय शिकलेली मान्सं तुमी."

निकालाचा कागद आला: अर्जदार गैरहजर, तक्रार निकाली. त्याच आठवड्यात फटीत तार बसली. हॉटेलला जायला आता ताईला डांबरी रस्ता आणि सोबत माणूस लागणार. भावाची कंपनीत पहिली पाळी असली की तो सोडू शकत नाही, आणि आबा सोबत आले की त्यांचा दिवस मोडतो. महिनाभर कसंबसं चाललं. मग हॉटेलनं त्या खुर्चीत दुसरी मुलगी बसवली.

मी आता मेलच्या पहिल्या ओळीत उत्तर लिहितो. रेघ नाही, रंग नाही, चांदण्या नाहीत, खालचं शेपूट कापलेलं. संघटनेतल्या सगळ्यांना तेच करायला लावतो. काहीजण म्हणतात, एका माणसासाठी एवढं कशाला. अशा वेळी माझ्या तोंडून जे निघतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अपिलाचा अर्ज लिहायला ताईबरोबर मी गेलो. त्यात गैरहजेरीचं कारण द्यावं लागतं. लिहून देणारा गृहस्थ अनुभवी होता. म्हणाला, "अर्जदार अंध असल्यामुळे नोटीस समजली नाही, असं घालू. साहेब विरघळतात."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

"न्हाई," ताई म्हणाली. "मला समजतं. मला सांगितलंच न्हाई, असं लिवा. कुणी सांगितलं न्हाई, त्ये पण लिवा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी माझं नाव सांगितलं, त्यानं ते लिहिलं. अपील अजून पडून आहे. ताई घरीच असते.